सोलापूरच्या किल्ल्याचें आंदण : चांदबिबीचें चरित्र

नव्या पेठेंतील दुकानांची गर्दी मागें टाकून थोडें चाललें म्हणजे आपल्या गांवचा भुईकोट किल्ला दृष्टीस पडतो. एका बाजूस सिद्धेश्वराचें तळें, भोंवतीं खंदक आणि एकांत एक अशा दोन तटबंद्या, असा हा किल्ला आमच्या विद्यार्थ्यांनीं शेंकडों वेळां पाहिला असेल. त्याच्या लगतच्या बागेंत खेळून झाल्यावर बुरुजांकडे पाहत घरीं परतणारीं मुलें आम्हांस नेहमी दिसतात. परंतु हा किल्ला एका राजकन्येच्या लग्नांत आंदण म्हणून देण्यांत आला होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. ती राजकन्या म्हणजे सुप्रसिद्ध चांदबिबी होय. अहमदनगरच्या तटावर तलवार घेऊन उभी राहिलेली वीर स्त्री एवढीच तिची ओळख पुष्कळांस असते. तिचें सबंध आयुष्य पाहिल्यास त्याहून मोठा बोध मिळतो, असें वाटल्यावरून तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चरित्रास आरंभ करण्यापूर्वीं तिच्या काळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. युरोपच्या इतिहासांत पंधराव्या व सोळाव्या शतकांस विद्येच्या पुनरुज्जीवनाचा काळ म्हणतात. त्या काळीं इटली देशांत चित्रकला, राजनीति आणि युद्धविद्या या तिन्ही एकाच दरबारांत नांदत होत्या. मिलान शहरच्या दरबारीं असलेला लिओनार्दो दा विंची हा चित्रें काढी, तसेंच पूल, तट व तोफा यांचे नकाशेहि तयार करी. मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्त्सा याच्या पित्याच्या स्मारकासाठीं त्यानें एका प्रचंड घोड्याचा मातीचा नमुना घडविला. पण सन १४९४ मध्यें त्या पुतळ्यासाठीं जमविलेलें कांसें तोफा ओतण्याकरितां देऊन टाकावें लागलें. त्याच सालीं लुदोविकोच्या उत्तेजनानें फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलींत उतरला. शेजाऱ्याचा कांटा परक्याच्या हातानें काढावा, हा त्यांतील हेतु होता. पांच वर्षांनीं फ्रेंचांनीं खुद्द मिलानच घेतलें आणि त्यांचे तिरंदाज त्या मातीच्या घोड्यावर नेम धरूं लागले. फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी माकियावेली यानें ही दुर्दशा डोळ्यांनीं पाहिली व सन १५१३ मध्यें राजनीतीवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. परक्याची फौज मदतीस बोलावणें राजास घातक असतें, आणि स्वतःच्याच लोकांचा द्वेष ज्यानें पत्करला त्यास कोणताहि किल्ला तारीत नाहीं, हे त्याचे दोन सिद्धान्त वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. त्यांची प्रचीति आपणांस याच कथेंत येणार आहे.

दक्षिणेंतहि तेव्हां अशीच स्थिति होती. बहामनी राज्य मोडून त्याच्या जागीं अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बीदरची बरीदशाही अशीं पांच राज्यें झालीं होतीं. इराण, तुर्कस्तान व हबसाण येथील शूर आणि विद्वान पुरुष या दरबारांत येत. मराठे सरदार व कारकूनहि तेथें मोठ्या योग्यतेस चढत. कला आणि युद्ध यांची जोडी कशी होती, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें विजापूरची मुलुखमैदान तोफ पाहावी. ती सन १५४९ मध्यें अहमदनगर येथें महंमद बिन हसन रूमी या कारागिरानें ओतली. तिचें वजन सुमारें ५५ टन असून लांबी चौदा फुटांहून अधिक आहे. तिचें तोंड जबडा पसरलेल्या हिंस्र पशूच्या आकाराचें आहे, आणि त्या जबड्यांत हत्ती चिरडला जात असल्याचें दाखविलें आहे. अशी तोफ ज्या शहरीं ओतली गेली, त्याच शहरच्या राजघराण्यांत पुढें एक वर्षाच्या सुमारास, म्हणजे सन १५५० च्या आसपास, चांदबिबीचा जन्म झाला.

तिचा पिता हुसेन निजामशहा व माता खुंजा हुमायून. बाप शूर व धाडसी होता. अहमदनगरचा मातीचा जुना कोट पाडून सन १५५९ च्या सुमारास त्यानेंच दगडी तट बांधण्यास प्रारंभ केला. हा तट पुढें आपल्या कन्येस राखावा लागेल, हें त्यास स्वप्नांतहि दिसलें नसेल. आईहि तशीच कर्तबगार होती. हुसेनशहा सन १५६५ मध्यें वारल्यावर अल्पवयी पुत्र मूर्तजा याच्या नांवें तिनें चार वर्षें राज्य चालविलें; शेवटीं सन १५६९ मध्यें मुलानेंच तिला कैदेंत टाकलें. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत आफताबी नांवाच्या कवीचें तारीफ-इ-हुसेनशाही हें सचित्र हस्तलिखित जपून ठेविलेलें आहे. त्यांतील चित्रांत हुसेनशहाशेजारीं राणीची आकृति काढलेली होती, परंतु बहुतेक चित्रांत ती मागाहून रंग फांसून पुसून टाकलेली दिसते. राणी सत्तेवरून गेल्यावर तिची आठवणहि राहूं नये, अशी बहुधा कोणाची इच्छा असावी. राज्य करणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास काय येतें, हा धडा चांदबिबीस आपल्या मातेच्या उदाहरणावरून मिळाला होता.

आतां सोलापूरच्या किल्ल्याकडे वळूं. निजामशाही व आदिलशाही यांच्या सरहद्दीवर असल्यामुळें हा किल्ला दोघांसहि हवा होता. सन १५२४ मध्यें याच सोलापुरीं चांदबिबीचा आजा बुऱ्हाण निजामशहा याचें लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशीं झालें. त्या वेळीं सोलापूर आंदण देण्याचें वचन ठरलें होतें. तें पाळलें गेलें नाहीं, आणि लग्नाच्या मांडवांतून लढाई निघाली. पुढें चाळीस वर्षें हा किल्ला उभय राज्यांच्या भांडणाचें मूळ होऊन बसला. चांदबिबीच्या बालपणीं विजापूरच्या अली आदिलशहानें विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन तिच्या बापाच्या राज्यावर स्वारी केली आणि अहमदनगरास वेढा दिला. पण लवकरच रामरायाचें वाढतें सामर्थ्य सर्वच शहांस भारी वाटूं लागलें व त्यांनीं आपसांतील वैर मिटविण्याचें ठरविलें. तेव्हां, ज्यानें आपल्या नगरास वेढा दिला त्याच अली आदिलशहास हुसेनशहानें आपली कन्या दिली आणि सोलापूरचा किल्ला तिला आंदण दिला. अलीची बहीण हदिया सुलताना ही चांदबिबीचा भाऊ मूर्तजा यास देण्यांत आली. या सोयरिकींनीं बांधलेल्या सैन्यांनीं सन १५६५ च्या जानेवारींत तालिकोट येथील लढाईंत रामरायास ठार मारून विजयनगरचें वैभव धुळीस मिळविलें. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या लग्नावर एवढें मोठें राजकारण उभें होतें!

विजापुरास चांदबिबीचीं पंधरा वर्षें गेलीं. अली आदिलशहा ग्रंथांचा व कारागिरांचा भोक्ता होता. त्याच्या कारकीर्दींत, सन १५७० मध्यें, तयार झालेला नुजूम-उल-उलूम हा सचित्र ग्रंथ आज आयर्लंडांतील डब्लिन शहरीं आहे. त्यांत ग्रहनक्षत्रांच्या चित्रांबरोबर शस्त्रें, हत्ती व घोडे यांचेंहि वर्णन आहे, यावरून त्या दरबाराची आवड समजते. चांदबिबीस अरबी, फारसी, तुर्की, मराठी व कानडी या भाषा येत असत, ती सतार वाजवी आणि फुलांचीं चित्रें काढण्याचा तिला छंद होता, असें परंपरा सांगते. तिला अपत्य झालें नाहीं. सन १५८० मध्यें अली आदिलशहाचा खून झाला, आणि त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम तख्तावर बसला. या मुलाचें पालन व शिक्षण चांदबिबीकडे आलें. हाच इब्राहिम पुढें संगीत व चित्रकला यांचा थोर आश्रयदाता झाला आणि त्यानें किताब-इ-नवरस हा गीतांचा ग्रंथ रचला.

पण राज्याचा कारभार ज्याच्या हातीं येई, त्याची दृष्टि फिरे. प्रथम कामिलखान उन्मत्त झाला. त्यास चांदबिबीनें किश्वरखानाकरवीं दूर केलें. मग किश्वरखानच तिच्यावर उलटला. त्यानें मुस्तफाखान नांवाच्या जुन्या व थोर सरदाराचा घात करविला व चांदबिबीस साताऱ्याच्या किल्ल्यांत कैद करून ठेविलें. लोकांस हें मुळींच रुचलें नाहीं. हबशी सरदार इखलासखान वगैरे चालून येतांच किश्वरखान पळाला, आणि चांदबिबी कैदेंतून सुटून विजापुरास परत आली. इतक्यांत निजामशाही व कुतुबशाही सैन्यांनीं विजापुरास वेढा दिला. शहरांत शिबंदी थोडी, सरदारांत हबशी व परदेशी अशी फूट. या प्रसंगीं चांदबिबीनें सर्वांस एकत्र आणिलें. शाह अबुल हसन यास कारभार सांगून तिनें बर्गी घोडेस्वारांस पाचारण केलें, आणि त्यांनीं शत्रूची रसद तोडली. वर्षभर खटपट करून शत्रु निघून गेला. शत्रूंत खुद्द तिच्या भावाची फौज होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिच्या मनाची कसोटी किती कठीण होती याची कल्पना येते.

शत्रु गेला आणि आपसांतील द्वेष पुन्हां उफाळला. दिलावरखानानें इखलासखानाचे डोळे काढून सर्व सत्ता बळकाविली. चांदबिबीस तेथें कांहीं करतां येण्यासारखें उरलें नाहीं. सन १५८४ मध्यें इब्राहिमच्या बहिणीचें लग्न अहमदनगरच्या राजपुत्राशीं ठरलें, त्या निमित्तानें ती वऱ्हाडाबरोबर माहेरीं गेली.

माहेरची स्थिति याहून वाईट होती. सन १५८८ मध्यें तिचा भाऊ मूर्तजा यास त्याच्याच मुलानें हमामखान्यांत कोंडून मारिलें. दुसऱ्या वर्षीं तो मुलगाहि मारला गेला. पुढें सात वर्षांत आणखी तीन राजे झाले, आणि सन १५९५ मध्यें एका सिंहासनास चार हक्कदार उभे राहिले. चांदबिबीनें मृत राजाचा तान्हा पुत्र बहादूर याचा पक्ष धरिला; पण त्यास चावंडच्या किल्ल्यांत अडकवून ठेविलें होतें. मियां मंजू या कारभाऱ्यानें अहमद नांवाच्या मुलास गादीवर बसविलें. विरोधी पक्ष प्रबळ होतो असें दिसतांच त्यानें गुजराथेंत असलेल्या अकबरपुत्र मुराद यास मदतीस बोलाविलें. लुदोविकोनें मिलानमध्यें शंभर वर्षांपूर्वीं केलें तेंच हें! मागाहून मियां मंजूस पश्चात्ताप झाला व तो विजापूरकडे साह्य मागण्यास गेला, परंतु मोंगलांच्या फौजा तोंवर वाटेस लागल्या होत्या.

सन १५९५ च्या डिसेंबरांत मुराद व खानखानान अब्दुल रहीम हे अहमदनगरापुढें येऊन उतरले. चांदबिबीनें किल्ल्याचा ताबा घेऊन बहादुराच्या नांवानें द्वाही फिरविली. शत्रूनें तटाखालीं पांच सुरुंग खणले. जमिनीखालून भुयार खणून त्यांत दारू ठासावयाची व तट उडवावयाचा, ही विद्या इटलीच्या युद्धांत पेद्रो नवारो या स्पॅनिश सेनानीनें सन १५०३ मध्यें नेपल्स येथें यशस्वी करून दाखविली होती, आणि आतां ती दक्षिणेंतहि सर्वांच्या परिचयाची होती. ख्वाजा महंमदखान शिराझी या मोंगल छावणींतील गृहस्थास आंतील लोकांची दया आली व त्यानें रात्रीं येऊन सुरुंगांची जागा सांगितली. लागलीच किल्ल्यांतील लोकांनीं आंतून उलट भुयारें खणून दोन सुरुंगांतील दारू काढून घेतली. तिसऱ्याचा शोध चालू असतांच शत्रूनें बत्ती दिली आणि सुमारें ५० वार लांबीचा तट आकाशांत उडाला.

बाकीचे सुरुंग उडण्याची वाट पाहण्यांत मुरादाचा कांहीं वेळ गेला. किल्ल्यांत सर्वांची गाळण उडून कांहीं सरदार पळण्याच्या बेतांत होते. तेवढ्यांत अंगांत चिलखत, तोंडावर बुरखा व हातांत नागवी तलवार अशा वेषांत चांदबिबी भगदाडाशीं येऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे परतले. तोफा व बाण तेथें ओढून आणिले गेले. मोंगलांनीं दिवस मावळेपर्यंत हल्ल्यामागून हल्ले केले व खंदक प्रेतांनीं भरला, पण एकहि मनुष्य आंत शिरला नाहीं. गोळे संपल्यावर तिनें तांब्याचीं, रुप्याचीं व शेवटीं सोन्याचीं नाणीं तोफांत घातलीं, अशी दंतकथा आहे. पण आम्हांस त्या दंतकथेहून त्यापुढील गोष्ट अधिक थोर वाटते. रात्र पडली तेव्हां ती विश्रांतीस गेली नाहीं. माती, दगड, लांकडें, जें सांपडेल तें जमवून तिनें स्वतः उभें राहून तट पुन्हां उभारविला. सकाळीं मुरादानें पाहिलें तों भगदाड बुजलेलें होतें! विजापुराहून कुमक येत असल्याची वार्ता होती, मोंगल छावणींत धान्य महाग झालें होतें, आणि मुराद व खानखानान यांचें आपसांत पटत नव्हतें. थोड्याच दिवसांनीं तह ठरला. वऱ्हाड प्रांत मोंगलांस मिळाला व बहादुराचें राज्य कायम राहिलें. हा सर्व वृत्तान्त त्याच काळीं विजापुरीं राहून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्यानें दिला आहे. या दिवसापासून लोक तिला चांदसुलताना म्हणूं लागले, असें तो सांगतो.

येथें गोष्ट संपली असती तर किती बरें झालें असतें! पण इतिहास असा थांबत नाहीं. शत्रु जातांच सरदारांचीं भांडणें पूर्ववत् सुरू झालीं. तिनें महंमदखानास प्रधान केलें, तो बेइमान झाला. त्याच्या जागीं अहंगखान हबशी आला. त्यानें तर बाईस व बहादुरास आपल्या कैदेंत घेण्याचा घाट घातला आणि किल्ल्यासच वेढा दिला. इकडे सन १५९७ मध्यें गोदावरीकांठीं सोनपेठेजवळ तिन्ही शाह्यांच्या एकत्र सैन्याचा मोंगलांनीं पराभव केला. सन १५९९ मध्यें मुराद वारला, पण त्याचा भाऊ दानियाल व खानखानान हे मोठें सैन्य घेऊन सन १६०० मध्यें पुन्हां अहमदनगरापुढें आले. अहंगखान जुन्नरकडे निघून गेला.

या वेळीं चांदबिबीनें सर्व बाजूंनीं विचार केला. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती, आंत एकी नव्हती. किल्ला द्यावा, त्याच्या मोबदल्यांत बहादुराचा जीव व लोकांची अब्रू वांचवावी आणि राजास घेऊन जुन्नरास जावें, असें तिच्या मनांत आलें. हा विचार तिनें हमीदखान नांवाच्या खोजा सरदारास सांगितला. तो तसाच रस्त्यावर धांवत सुटला आणि बाई किल्ला मोंगलांस विकीत आहे, अशी त्यानें आरोळी ठोकली. भडकलेला जमाव तिच्या महालांत घुसला, आणि जिनें त्यांचा तट राखला तिलाच त्यांनीं ठार केलें. लवकरच मोंगलांनीं सुरुंग उडवून किल्ला घेतला. बहादुरास ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत कैदेंत पाठविण्यांत आलें. चांदबिबी जें टाळूं पाहत होती, तेंच तिला मारणाऱ्यांनीं ओढवून घेतलें.

आतां वाचकांस असा प्रश्न पडेल कीं, चार वर्षांपूर्वीं ज्या स्त्रीनें प्राण पणास लावून किल्ला राखला, तिनें तो देऊं केला हें योग्य कीं अयोग्य? आम्हांस वाटतें, दोन्ही वेळीं तिची बुद्धि एकच होती. सन १५९६ मध्यें लढल्यानें मूल व राज्य वांचत होतें म्हणून ती लढली. सन १६०० मध्यें लढल्यानें दोन्ही बुडणार होतीं म्हणून तिनें तहाचा मार्ग पाहिला. इटलींतील फोर्ली येथील किल्ला राखणारी कातेरीना स्फोर्त्सा हिची गोष्ट शंभर वर्षांपूर्वींची. तीहि चांदबिबीसारखीच धैर्यानें लढली आणि सन १५०० च्या जानेवारींत किल्ल्यासह शत्रूच्या हातीं सांपडली. लोकांचें मन राजापासून फाटलें असल्यास किल्ला निरुपयोगी होतो, हें सांगतांना माकियावेलीनें तिचेंच उदाहरण घेतलें आहे. परंतु चांदबिबीचा प्रकार निराळा आहे. तिच्या बाबतींत लोकांनीं द्वेष करावा असें तिनें कांहीं केलें नव्हतें. एकमेकांवरील संशयानेंच तिचा बळी घेतला. पन्नास वारांचें भगदाड तिनें एका रात्रींत बुजविलें. सरदारांच्या मनांतील भगदाड मात्र विजापुरीं व अहमदनगरीं मिळून वीस वर्षें खपूनहि तिला बुजवितां आलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, जाण्याचा योग आल्यास तेथील भुईकोट किल्ला अवश्य पाहावा. गांवाबाहेर डोंगरावर जी इमारत चांदबिबीचा महाल म्हणून दाखवितात, ती वास्तविक निजामशाहीचा कारभारी सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीचें खरें स्मारक तिच्या पित्यानें बांधलेला तो तटच होय.

परंतु तितक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आपल्या नव्या पेठेपासून हांकेच्या अंतरावर तिचें आंदण उभें आहे. ज्या किल्ल्यासाठीं दोन घराणीं चाळीस वर्षें लढलीं आणि शेवटीं एक अल्पवयी मुलगी देऊन ज्याचा वाद मिटविला, तो किल्ला आज ना निजामशाहीचा आहे, ना आदिलशाहीचा. आज त्याच्या सावलींत सर्व जातींचीं व धर्मांचीं मुलें एकत्र खेळतात. आई-वडिलांनीं मुलांस तेथें न्यावें, तेव्हां ही हकीकत त्यांस सांगावी. खेळांत भांडण होऊन कोणी कोणावर लबाडीचा आळ घेऊं लागला तर चांदबिबीच्या मरणाची आठवण द्यावी, एवढीच आमची विनंति आहे.